सव्वा मूठ आणि लाल कोपरा

आमच्या घरात एक निवृत्त हेवीवेट बॉक्सर आहे. तो माझा नवरा. लग्नात उखाण्यात त्याचं नाव एकदा घेतलं होतं, तेवढं पुरे. इथे मी "हे" म्हणूनच काम चालवते. हेवीवेट गटात वजनाला वरची मर्यादा नसते, आणि बॉक्सिंगचा हा एक नियम यांनी आजवर मनापासून पाळला आहे.

मी बँकेत नोकरी करते आणि याद्या करते. किराणा, औषधं, कोणाच्या लग्नात काय दिलं, गॅसची टाकी कधी लावली. लग्नानंतर त्यात यांच्या लढतींच्या सामानाची भर पडली: हातांना गुंडाळायच्या सुती पट्ट्या, माउथगार्ड, वॅसलीन, पासपोर्टच्या झेरॉक्स, आणि चिवडा. चिवडा सगळ्यात आधी, कारण तो विसरला तर हे विमानतळावरून परत फिरतील अशी मला भीती असायची.

सासर मूळचं धुळे जिल्ह्यातलं. सासरे तरुणपणी सुरतेला आले ते भेस्तानला लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, कामाला लागले आणि तिथेच मुरले. माझं माहेर नाशिकचं, सगळे सरकारी नोकरीतले. स्थळ सांगणारे गृहस्थ म्हणाले होते, "मुलगा फॉरेनला जाऊन-येऊन असतो. कंत्राटी काम आहे."

माझ्या वडिलांनी विचारलं, "ड्यूटी किती तासांची?"

गृहस्थांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं. मग हेच म्हणाले, "आठ राउंडचं काम असेल तर चोवीस मिनिटांची. कधी कधी लवकर सुटी होते."

वडिलांना ही नोकरी फार आवडली. लवकर सुटी म्हणजे काय, हे त्यांना लग्नानंतर कळलं. तोवर जेवणावळी उठून गेल्या होत्या.

यांच्या कारकिर्दीची सुरुवात फारच सोपी झाली. खात्यात हे कापडाचे ताके उचलायचे, एका वेळी दोन माणसांच्या वाट्याचे. ते पाहून एका निवृत्त फौजी माणसाने यांना आपल्या व्यायामशाळेत नेलं. त्या काळात आमच्या बाजूला यांच्या वजनाचा दुसरा बॉक्सर शोधून सापडत नसे. त्यामुळे राज्य पातळीवरची पहिली दोन सुवर्णपदकं यांनी एकही ठोसा न मारता मिळवली. हे रिंगमध्ये चढायचे, समोर कोणी नसायचं, पंच यांचा हात वर करायचे आणि हे खाली उतरायचे. सासूबाईंची पक्की समजूत झाली की आपला पोरगा इतका भयंकर आहे की समोर यायची कोणाची छातीच होत नाही.

मग राष्ट्रीय स्पर्धेत एक जण समोर आला.

तरीही हे टिकले. पुढे व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये गेले, आणि तिथे यांना आपली खरी जागा सापडली. ती समजून घ्यायची तर रिंगचे कोपरे समजून घ्यायला हवेत. एक लाल, एक निळा. लाल कोपरा घरच्या माणसाचा. त्याच्यासाठी लोक तिकिटं काढून आलेले असतात, त्याची आई पुढच्या रांगेत बसलेली असते. निळा कोपरा पाहुण्याचा. पाहुण्याने जेवून जावं तसं या पाहुण्याने मार खाऊन जावं, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. मात्र तो पटकन पडला तर लोक चिडतात. चांगला पाहुणा तो, जो सगळा मार खातो आणि शेवटची घंटा होते तेव्हा पायांवर उभा असतो. हे तसे होते. बँकॉक, दुबई, नैरोबी, कुठूनही बोलावणं यायचं: "तो सुरतवाला उभा राहणारा माणूस पाठवा." तीन-चार वेळा यांनी चुकून घरच्या माणसालाच हरवलं. त्या गावांनी यांना पुन्हा कधी बोलावलं नाही.

सोबत माणूस न्यायची ऐपत नसायची, त्यामुळे कोपऱ्यात पाणी द्यायला, टॉवेल धरायला तिथलाच कोणीतरी मिळायचा. एकदा तर हॉटेलचा ड्रायव्हर मिळाला. तो दोन राउंडच्या मधल्या मिनिटात दुसऱ्या बॉक्सरकडे कौतुकाने बघत बसला. यांनीच त्याच्या हातातली बाटली ओढून घेतली, स्वतःच्या तोंडावर पाणी मारलं आणि त्यालाही थोडं प्यायला दिलं. बिचारा खूप ओरडत होता म्हणाले.

यांचा पोशाख मात्र अस्सल सुरती. निळी साटीन मी मार्केटमधून कापून आणायची आणि गल्लीतला शिंपी शिवायचा. एकदा त्याने उत्साहाच्या भरात चड्डीच्या पट्ट्याला साडीची जरीची किनार लावली. दिसायला सुरेख. बँकॉकला लढत सुरू झाली आणि समोरचा प्रत्येक वेळी यांना मिठी मारून बाजूला झाला की त्याच्या हातांवर मांजराने काढावेत तसे ओरखडे. पंचाने लढत थांबवली, यांची नखं तपासली, ग्लोव्हज तपासले, शेवटी चड्डी तपासली. पाहुण्याच्या चड्डीवर चिकटपट्टी गुंडाळून पुढचे राउंड झाले. हे हरले, पण त्या रात्री जिंकलेला माणूस जास्त रक्ताळलेला होता, असं हे आजही अभिमानाने सांगतात.

ते सगळं संपलं, हे घरी बसले. म्हणजे बसले नाहीतच. सकाळी भेस्तानला एका गोदामावरच्या हॉलमध्ये मुलामुलींना शिकवतात आणि दिवसा एका कापड मार्केटमध्ये सुरक्षा बघतात. शिवाय समाजाची कामं. कोणाचा घरमालकाशी वाद झाला की यांना बोलावणं येतं. "भाऊ, काही बोलू नका. नुसते मागे उभे राहा." हे जातात, मागे उभे राहतात, चहा पितात आणि येतात. भाजीबाजारात मात्र यांना मी पाठवत नाही. हे टोपलीसमोर उभे राहिले की भाजीवाला न विचारताच भाव कमी करतो. मग यांना वाईट वाटतं आणि हे दुप्पट भाजी घेऊन येतात.

एकच गोष्ट राहून गेली होती. या माणसाने जन्मात कधी लाल कोपऱ्यातून लढत दिली नव्हती. सुरतेत, आपल्या माणसांसमोर, एकदाही नाही. टीव्हीवर लढत बघताना निवेदक "लाल कोपऱ्यातून" म्हणाला की हे आवाज थोडा वाढवायचे.  

आता कानबाईकडे येते, कारण घोटाळा तिथेच झाला.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशी घरांत कानबाई देवी बसते. सोमवारी वाजतगाजत तिला निरोप द्यायचा. तिच्यासाठी रोट, म्हणजे गव्हाच्या पोळ्या, करायचे. आमच्याकडे ते पुरणाचे, जाडजूड. रोटांचे गहू मोजून घ्यायचे, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. बायकांची मूठ मोजत नाहीत. बायका फक्त निवडतात, चक्की धुऊन घेऊन दळून आणतात, लाटतात, भाजतात. आणि रोट खायचे फक्त भाऊबंदांनी. बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही, टाकायचा तर नाहीच. पौर्णिमेच्या आत सगळे संपले पाहिजेत.

काही घरांत एकच बाई आपल्या मुठीने सगळ्यांचं माप घेते. आमच्या सासूबाईंचा कायदा वेगळा. ज्याची मूठ त्याने भरायची. देवीला फसवायचं नाही.

या कायद्यामुळे आमच्या भाऊबंदकीने किती सोसलं ते त्यांनाच माहीत. यांच्या एका मुठीत मोठ्या दिरांच्या तीन मुठी बसायच्या. मोठे दीर कडोदऱ्याच्या एका मिलमध्ये हिशेबनीस, अंगाने काडी आणि पोटाने नाजूक. दर श्रावणात सकाळी रोट, दुपारी रोट, डब्यात रोट. एका वर्षी त्यांनी हात जोडले, "माय, याला अर्धा माणूस धर ना."

सासूबाई म्हणाल्या, "तुले दीड धरू का मंग?"

हे परदेशी असले तरी सुटका नव्हती. नैरोबीला जायच्या आधी सासूबाईंनी यांच्याकडून मूठभर गहू फडक्यात बांधून घेतले, मला सोबत घेऊन भांड्यांच्या दुकानात गेल्या आणि बरोबर तेवढेच गहू मावतील अशी पितळी वाटी शोधून काढली. दुकानदार प्रत्येक वाटीतले गहू गल्ल्यावरून वेचत होता. ती वाटी हे परगावी असतील तेव्हाच निघायची. हे घरी असले की फळीवर पालथी.

यंदा श्रावणाच्या तोंडावर कडोदऱ्याकडचे एक आयोजक घरी आले. कापडाच्या धंद्यातले, पण आता त्यांना बॉक्सिंगचा नाद लागलेला. त्यांना पार्टी प्लॉट, म्हणजे लग्नाचं मैदान, भाड्याने घेऊन व्यावसायिक लढती भरवायच्या होत्या आणि शेवटची मोठी लढत यांची हवी होती. समोर हरियाणाचा एक जवान हेवीवेट, अठ्ठावीस वर्षांचा. आमचे हे एक्कावन्न. सहा राउंड. आयोजक म्हणाले, "लाल कोपरा आपका, साहब. घर के शेर आप हो."

त्यानंतर मी काय बोलले ते यांच्या कानापर्यंत पोचलंच नाही. मी मेडिकलचं विचारलं. आयोजक म्हणाले, "मेडिकल की चिंता मत करो भाभी, हो जायेगा."

"तीच तर चिंता आहे," मी म्हटलं.

पोस्टरही लगेच आलं. त्यावर वीस वर्षांपूर्वीचा फोटो आणि खाली "सुरत का पहाड़". सासूबाईंनी पोस्टर लांब धरलं, जवळ धरलं. "हाऊ कोन शे?"

"आपका बेटा, माजी!"

"तवय व्हता," सासूबाई म्हणाल्या आणि पोस्टर परत दिलं.

हे पहाटे पळायला लागले. मी माझे मुद्दे मांडले: वय, गुडघे, साखर, एकदा फुटलेला डोळ्याखालचा भाग. हे प्रत्येक मुद्द्याला मान डोलवायचे आणि शेवटी म्हणायचे, "लाल कोपरा आहे गं." मग मी यादी मिटवून ठेवायची. मी कधी कुठल्या गोष्टीसाठी इतकी वर्षं थांबलेले नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या नजरेतून सुटली, याचा मला आजही राग येतो. दोन वर्षांपासून हे शर्ट सोडून टीशर्ट घालायला लागले होते. मला वाटलं फॅशन. चहाचा कप डाव्या हातात गेला होता. मला वाटलं मोबाइलमुळे. बरणीची झाकणं माझ्याकडे सरकवायचे. मला वाटलं लाड.

कानबाईच्या आधी गहू मोजायचा दिवस आला. सासूबाई पाटावर, समोर स्वच्छ धुतलेलं सूप, बाजूला गव्हाचा डबा. सासरे गेल्यापासून पहिली पाळी मोठ्या दिरांची; त्यांची चिमुकली मूठ झाली. त्यांच्या मुलाची झाली. तो इंजिनिअरिंगला आहे आणि वडिलांसारखाच वाऱ्याने हलतो. मग यांची पाळी. खोलीतले सगळे सरसावून बसले, कारण हा दरवर्षीचा करमणुकीचा कार्यक्रम.

यांनी उजवा हात डब्यात घातला, गहू उचलले आणि सुपाकडे आणले. मूठ सुपावर पोचेपर्यंत निम्मे दाणे खाली पडले.

मोठे दीर खूश झाले. "शाबास! यंदा भावावर दया आली वाटतं!"

"आखो," सासूबाई म्हणाल्या. म्हणजे पुन्हा.

हे हसले. पुन्हा हात घातला. पुन्हा दाणे गळाले, टपटप, डब्यापासून सुपापर्यंत एक रेघ. आता मी नीट पाहिलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वळतच नव्हतं. दोन्ही बोटं अर्धी उघडी, कोणीतरी तिथे अदृश्य ग्लास ठेवल्यासारखी.

"तुना हात शे का सुपडं?" सासूबाई म्हणाल्या. लोक हसले. "पोऱ्या, मूठ बंद कर ना."

"बंदच शे ना, माय."

हसणं थांबलं. सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, फळीपाशी गेल्या आणि पालथी वाटी सुलटी करून घेऊन आल्या. पदराने पुसली, काठोकाठ गहू भरले, वर पाव मापाची चिमूट टाकली आणि सुपात ओतली. हे तिथेच त्यांच्यासमोर बसले होते, आणि वाटी निघाली होती.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी यांचा हात टेबलावर ठेवून घेतला. जुनं हाड मोडलेलं, कुठल्याशा गावात वाकडं जुळलेलं, आणि आता सांधे आखडलेले.

"डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवलं. म्हणाले वय आहे."

"आणि या हाताने लढणार?"

"ग्लोव्हजच्या आत कोणाला दिसतं? पट्टी घट्ट बांधली की बसतो."

"आणि मारल्यावर?"

"डावा आहे ना."

"सहा राउंड डाव्याने?"

यांनी हात काढून घेतला. "मार खायला मूठ लागत नाही. तेवढं मला येतं." मग हळूच, "नाही म्हटलं तर पुन्हा कोण विचारणार आहे मला? तू सांग."

मी सासूबाईंकडे गेले. म्हटलं, "तुम्ही तरी सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

सासूबाई वाती वळत होत्या. "मन्हं तो ऐकता तर बॉक्सर व्हता का?" मग वात ठेवून त्यांनी विचारलं, "तो दुसरा पोऱ्या कोठला शे?"

"हरियाणाचा."

"खास कितला?"

तो खातो किती, याची चौकशी! मला वाटलं, वय झालं, विषय भरकटला.

कानबाई बसली, सोमवारी गेली. यंदाचे रोट वाटीच्या मापाने, म्हणजे यांच्या जवानीच्या मापाने झाले होते, त्यामुळे मोठ्या दिरांच्या तोंडावर आधीच आजारपण दिसत होतं. मंगळवारी आयोजकांनी आमच्याच घरी जाहिरातीचा व्हिडिओ ठरवला होता. दोन बॉक्सर नाकाला नाक लावून एकमेकांकडे रागाने बघणार. तो हरियाणाचा मुलगा आयोजकांच्या आधीच येऊन पोचला, एकटाच, रिक्षाने. दारातून वाकून आत आला आणि आधी सासूबाईंच्या पाया पडला. आमच्या सोफ्याने आजवर एक हेवीवेट सांभाळला होता. दुसऱ्याच्या वेळी तो बोलला.

हे आतल्या खोलीत रिंगमध्ये जातानाचा जुना टिकल्यांचा झगा चढवत होते. मी चहाला गेले. साखर जराशी जास्त टाकावी की नाही या विचारात असताना मोठ्या दिरांची किंकाळी ऐकू आली.

"माय! अगं रोट! बाहेरच्या माणसाला!"

मी धावले. मागच्या खोलीत पाटावर तो मुलगा मांडी घालून बसला होता. पुढे ताट. ताटात रोट, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. तो पाचवा रोट दुधात कुस्करत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर परमानंद होता. सासूबाई पदराने त्याला वारा घालत होत्या.

"बाहेरना?" सासूबाई दचकल्या. "माय वं! माले वाटनं तुना पोऱ्या शे."

मोठ्या दिरांचा मुलगा त्या पाहुण्याच्या एका मांडीएवढा आहे. शिवाय सासूबाईंनी आदल्याच आठवड्यात गच्चीवरून खालच्या चटईवरच्या डाळीतला किडा ओळखला होता. पण त्यांनी डोळे किलकिले केले, हात चाचपडत पुढे केला आणि म्हणाल्या, "डोया गयात मन्हा."

मग एकदम सावरून बसल्या आणि मला म्हणाल्या, "सांग त्याले. कानबाईना रोट खाना. आते तो भाऊबंद."

मी भाषांतर केलं. सासूबाई दोन वाक्यं बोलल्या होत्या, माझी सात झाली. मी त्याला सांगितलं की हे रोट फक्त आमच्या रक्ताचीच माणसं खातात, की आता तू या घरचा पुतण्या झालास, की ज्यांच्याशी लढणार आहेस ते तुझे सख्खे काका, आणि काकावर हात उचलणं देवीला मुळीच चालत नाही.

त्याच्या हातातला घास थांबला. "पर माताजी, मैं तो पाँच खा गया!"

"पाँच मतलब पाँच पीढ़ी का रिश्ता," मी म्हटलं. असं काही सासूबाई बोललेल्याच नव्हत्या. त्यांनी माझ्याकडे तिरक्या डोळ्यांनी पाहिलं. गेलेल्या डोळ्यांनी.

मुलाने कानाला हात लावले. एवढा मोठा माणूस, पण गावचा, देवाला घाबरणारा. "पहले बता देते, माताजी! इब तो चाचा पे हाथ ना उठेगा मेरा।" मग थोडा विचार करून म्हणाला, "एक और मिलेगी? अब तो घर का हूँ।"

सासूबाईंनी दोन वाढले.

तेवढ्यात आयोजक कॅमेरावाल्याला घेऊन आले. प्रकार कळल्यावर कपाळ धरलं. "माजी, पोस्टर छप गये! प्लॉट बुक है!"

सासूबाईंनी एक रिकामं ताट त्यांच्यापुढे सरकवलं आणि त्यात रोट ठेवला. "बठ. तू बी खाय."

आयोजक भिंतीला पाठ लावून उभे राहिले. "नहीं माजी, आज मेरा उपवास है." कॅमेरावाला खाणार होता, त्याचा हात त्यांनी धरला.

आणि तेव्हा आतल्या खोलीचं दार उघडून हे बाहेर आले. टिकल्यांचा झगा, पट्ट्या बांधलेले हात, चेहऱ्यावर ठरवून आणलेला राग. ताट पाहिलं, मुलगा पाहिला, मग आईकडे पाहिलं. यांना सगळं एका क्षणात कळलं.

"माय, तू मुद्दाम करं ना?"

"माले काय दखास, बेटा?" म्हणजे मला कुठे काय दिसतं, सासूबाई म्हणाल्या, आणि त्याच श्वासात, "झगानी टिकली पडी तठे, उचल."

हे झगा काढून आत गेले. दोन दिवस नुसते जेवायचे, हॉलवर जायचे, यायचे. टीव्ही लागला की आवाज वाढवायचे नाहीत. सासूबाई रोट मोजत बसायच्या आणि मधूनच दाराकडे पाहायच्या. त्यांनी काय वाचवलं आणि काय घेतलं, दोन्ही त्यांना माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी तो मुलगा परत आला. आधी मागच्या खोलीत जाऊन दोन रोट खाल्ले, मोठ्या दिरांनी प्रेमाने स्वतः वाढले. मग यांच्यासमोर येऊन उभा राहिला. आयोजकांनी त्याच्यासाठी दिल्लीहून दुसरा हेवीवेट आणला होता. "चाचाजी, मैं अकेला आया हूँ. कोने में मेरा कोई ना है. वो बोल रहे हैं कोई लड़का दे देंगे, पानी-वानी के लिए."

यांनी मान वर केली. "कौन लड़का? बॉक्सिंग का है?"

"केटरिंग का है."

हे उठून पट्ट्यांची पिशवी शोधायला लागले. मी उठून गॅलरीत गेले आणि आयोजकांना फोन लावला. म्हटलं, पोस्टर वाया घालवू नका. खाली एक ओळ चिकटवा, "सुरत का पहाड़ के साथ". आणि लाल कोपरा स्थानिक माणसाचा असतो ना? मग ज्याच्या मागे सुरतेचा माणूस उभा आहे, तोच स्थानिक. आयोजक म्हणाले, "भाभी, लड़का हरियाणा का है." मी म्हटलं, "हमारे घर का है. आप आइये, रोट खाते-खाते बात करते हैं." त्यांनी लगेच मान्य केलं.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी पार्टी प्लॉटवर जिथे एरवी नवरा-नवरी बसतात तिथे रिंग लावली होती. खुर्च्यांना लग्नाचे पांढरे बो तसेच होते. भेस्तानची निम्मी गल्ली आली होती. सासूबाई पहिल्या रांगेत, आयोजकांनी खास मागवलेल्या वधूच्या लाल सोफ्यावर. निवेदकाने आधी त्या मुलाचं नाव घेतलं आणि मग, लाल कोपऱ्यात, यांचं. हे खांद्यावर टॉवेल टाकून, एका हातात बादली घेऊन पायऱ्या चढले. लोक ओरडले. यांनी मोकळा हात वर केला. पाचही बोटं उघडी, पण इतक्या लांबून कोणाला काय कळणार? ते ओरडतच राहिले. हे रिंगच्या दोरीला धरून एकेका बाजूकडे बघत होते, आणि निवेदक पुढचं बोलायला लागला तरी खाली बसले नाहीत. शेवटी पंचांनीच यांना स्टूल दाखवलं.

मग काम. मी यांना इतकी वर्षं सामान बांधून दिलं, पण काम करताना त्या दिवशी पाहिलं. घंटा झाली की स्टूल आत, माउथगार्ड बाहेर, पाणी, बर्फ, वॅसलीन, कानात दोन वाक्यं, स्टूल बाहेर. एकही गोष्ट विसरले नाहीत. बाटली डाव्या हातात होती आणि तो मुलगा त्यांच्याकडेच बघत होता.

मुलगा सहाही राउंड लढला. गुणांवर हरला. तोंड सुजलं, भुवई फुटली, पण शेवटची घंटा झाली तेव्हा दोन्ही पायांवर उभा होता आणि मागून आमचे हे त्याला एका हाताने धरून होते, पडू नये म्हणून नाही, तो निकालाची वाट न बघता समोरच्याला मिठी मारायला निघाला होता म्हणून.

तो खाली उतरून सासूबाईंच्या पाया पडला. "माताजी, हार गया."

सासूबाईंनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून नीट तपासला. "उभा ऱ्हायना ना शेवटलगून?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आपलाच शे."

घरी आल्यावर रात्रीच्या जेवणात उरलेले रोट संपले. मोठ्या दिरांच्या वाट्याला एकही आला नाही आणि त्यांनी देवीला मनापासून नमस्कार केला. मी मात्र पुढच्या श्रावणाच्या यादीत एक नाव वाढवलं आहे आणि ते अजून त्यांना सांगितलेलं नाही. मी त्या मुलाची मूठ जवळून पाहिली आहे.